वजन घटविण्याची शस्त्रक्रिया : एका घराचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने शस्त्रक्रियेवर लेख लिहावा हे काही वाचकांना विचित्र वाटेल. वैद्यकशास्त्रातले मला काही कळत नाही आणि तसा आवही मी आणणार नाही. परंतु इस्पितळाचे बिल हा शेवटी एक हिशेबच असतो. तो कोणाच्या वहीत मांडायचा, जमा कोणती व खर्च कोणता, आणि वर्ष संपले म्हणजे हिशेब संपतो काय, हे प्रश्न तर आपल्या अभ्यासक्रमातलेच आहेत. प्रस्तुत लेखात वजन घटविण्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेचा विचार मी याच बाजूने करणार आहे. उदाहरण घरचे आहे आणि ते काकूंची परवानगी घेऊनच लिहीत आहे.

माझे काका बरीच वर्षे मध्य प्रदेशात आहेत. मंडीदीपच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर आहेत आणि राहतात भोपाळच्या दक्षिण टोकाला, मिसरोदला. बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने जाताना इटारसी, नर्मदापुरम मागे पडले की मंडीदीपचे कारखाने दिसू लागतात आणि पाठोपाठ मिसरोदचे छोटे स्टेशन येते. गाडी तेथे थांबत नाही. काकांचे स्टेशन डोळ्यांसमोरून निघून जाते आणि पुढे भोपाळला उतरून पुन्हा मागे यावे लागते. २०२४ आणि २०२५ या दोन्ही उन्हाळी सुट्ट्या मी तेथे काढल्या. पहिल्या सुट्टीत मी नुकतीच पी.यू.सी. पास झाले होते आणि काकूंच्या शस्त्रक्रियेचा विचार घरात चालू होता.

काकूंचे वय त्या वेळी ५० होते. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघ्यांनी पार दगा दिल्यामुळे त्या दिवसातून एकदा खाली उतरत, तेही कठड्याला धरून, मध्ये एकदा बसून. स्वयंपाकाला आणि केरफरशीला महिना ३,००० रुपयांवर एक बाई ठेवली होती. पूर्वी काकू कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवत. पायमशीन आता खिडकीशी झाकून ठेवलेले, त्यावर वर्तमानपत्रांची रद्दी. मधुमेह नऊ वर्षांचा, रक्तदाब सहा वर्षांचा. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा बदलावा लागेल असे सांगितले होते आणि आधी वजन कमी करा, असेही. वजन कमी व्हायला चालले पाहिजे, चालायला गुडघा पाहिजे. हा फेरा काकू स्वतःच हसत सांगत असत.

आता थोडी परिभाषा. वजन जास्त आहे की नाही हे नुसत्या किलोवरून ठरत नाही. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून जो आकडा येतो, त्याला बी.एम.आय. म्हणतात. काकूंची उंची १५२ सेंटिमीटर व वजन ८६ किलो, म्हणजे त्यांचा आकडा ३७.२. भारतीयांच्या शरीरात कमी वजनावरही मधुमेह आणि हृदयविकार शिरतात, म्हणून २००९ साली आपल्याकडील तज्ज्ञांनी एकमताने वेगळ्या मर्यादा सुचविल्या. त्यानुसार २५ च्या वर गेले की लठ्ठपणा समजावा, ३७.५ च्या वर, किंवा मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३२.५ च्या वर, शस्त्रक्रियेचा विचार करावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील २४ टक्के स्त्रियांचा बी.एम.आय. २५ किंवा त्याहून अधिक आढळला. तिसऱ्या फेरीत (२००५–०६) हेच प्रमाण १२.६ टक्के होते. तेव्हा हा प्रश्न फक्त श्रीमंत बंगल्यांतला राहिलेला नाही.

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार मुख्य आहेत. एकात जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात व उरलेल्याची केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. तिला स्लीव्ह म्हणतात. दुसऱ्यात जठराची लहान पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, म्हणजे अन्नाला वळणरस्ता काढून देतात. हा वळणरस्ता अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली प्रथम काढला. काकूंना स्लीव्ह सुचविली होती. डॉक्टरांच्या हिशेबाने त्या पात्र होत्या. त्यांचा आकडा ३७.२, मर्यादा ३२.५ आणि सोबत मधुमेह.

विमा कंपनीच्या हिशेबाने मात्र त्या अपात्र ठरल्या. येथे वाचकांनी थोडे थांबावे अशी विनंती आहे, कारण मला या सर्व प्रकरणात सर्वात शिकण्यासारखा भाग हाच वाटला.

काकांनी २०१८ साली कुटुंबासाठी पाच लाखांची पॉलिसी घेतली होती व हप्ता कधी चुकविला नव्हता. २०२४ चा हप्ता २४,००० रुपये होता आणि त्यावर १८ टक्के जी.एस.टी. ४,३२० रुपये. (वैयक्तिक आरोग्य विम्यावरील हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे.) पूर्वी बऱ्याच पॉलिसींतून लठ्ठपणावरचा उपचार सरसकट वगळलेला असे. २०१९ साली विमा नियामक प्राधिकरणाने वगळणुकीच्या कलमांची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली, आणि त्यात ही शस्त्रक्रिया काही अटींवर आत आली. अटी अशा : डॉक्टरांचा सल्ला हवा, वय किमान १८ हवे, आणि बी.एम.आय. ४० किंवा अधिक हवा. तो ३५ ते ४० च्या दरम्यान असेल तर इतर उपायांनी वजन उतरलेले नसले पाहिजे आणि चारांपैकी एक गंभीर आजार सोबत हवा. हे चार आजार म्हणजे लठ्ठपणामुळे हृदयाच्या स्नायूंना झालेला विकार, हृदयाच्या धमन्यांचा विकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार आणि अनियंत्रित मधुमेह.

गुडघे या यादीत नाहीत. रक्तदाब नाही. मधुमेह आहे, पण त्याच्यामागे 'अनियंत्रित' हे विशेषण आहे. काकू नऊ वर्षे वेळेवर गोळ्या घेत होत्या, साखर तपासत होत्या आणि तपासणीचे सगळे कागद फाइलीत तारखेप्रमाणे लावलेले होते. त्या फाइलीनेच घात केला. साखर नियंत्रणात आहे, असे कंपनीने कळविले. मग झोपेची तपासणी झाली. रात्रभर तारा लावून झोपायचे असते. तिचा निकाल 'मध्यम' आला, कलमात शब्द 'तीव्र' आहे. कॅशलेसची मागणी नामंजूर झाली. काकू म्हणाल्या, "म्हणजे मी गोळ्या चुकवल्या असत्या तर पैसे मिळाले असते होय गं?" काका काही बोलले नाहीत. मी ते कलम तीनदा वाचले. कंपनीने लबाडी केली असे मला म्हणता येत नाही. शब्द जसे होते तसेच तिने वाचले.

पण हे ४० आणि ३५ आकडे आले कोठून? १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद बोलावून जी शिफारस केली, तिच्यात नेमके हेच आकडे आहेत. खुद्द अमेरिकेतील शल्यविशारदांच्या संघटनेने आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर २०२२ साली ते बदलले : ३५ च्या वर कोणताही आजार नसला तरी शस्त्रक्रिया सुचवावी, आणि आशियाई लोकांच्या बाबतीत लठ्ठपणाची सुरुवातच २५ पासून धरावी. काकूंची पॉलिसी मात्र १९९१ च्या आकड्यांवर चालत होती. याच पॉलिसीत गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया समाविष्ट होती. वजनाने झिजलेला गुडघा बदलायला कंपनी पैसे देणार होती, वजन उतरवायला नाही.

निर्णय घेणे काकांना जड गेले. फोनवर त्यांनी मुदत ठेव मोडण्याचा विषय काढला तेव्हा माझी आई, जी माहेरची धारवाडची, पटकन कन्नडमध्ये म्हणाली, "हासिगे इद्दष्टु कालु चाचु." आपल्याकडचे 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ते हेच. दोन्ही भाषांत अंथरूण तेवढेच आखूड! तरी जूनमध्ये ठेव मोडली गेली आणि शहरातील एका खाजगी इस्पितळात काकूंची शस्त्रक्रिया झाली.

इस्पितळाने दिलेले अंदाजपत्रक २,९०,००० रुपयांचे होते. त्यास ते पॅकेज म्हणतात. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या त्यात नव्हत्या. रक्त, सोनोग्राफी, दुर्बिणीने जठर पाहणे, हृदयाचा एको, झोपेची तपासणी, आहारतज्ज्ञाची फी मिळून २१,४०० रुपये आधीच गेले होते. अंतिम बिल ३,२६,००० रुपयांचे आले. फरक ३६,००० चा. विचारले तेव्हा दोन कारणे मिळाली. जठर कापून त्याच वेळी टाके घालणारे जे यंत्र असते, त्याची काडतुसे एकदाच वापरून टाकून द्यावी लागतात. अंदाजापेक्षा ती जास्त लागली. शिवाय उलट्यांमुळे मुक्काम एक दिवस वाढला. काडतुसे किती लागतील हे पोट उघडल्याशिवाय कळत नाही हे मान्य, पण प्रत्येकाची किंमत अंदाजपत्रकात लिहायला काय हरकत होती? आपल्या कॉस्टिंगच्या तासाला प्रमाण खर्च व प्रत्यक्ष खर्च यांतील तफावत शिकवतात. ती तफावत कोणी सोसायची हे करारात आधीच ठरलेले असावे, एवढे तर त्यात असतेच. तर एकूण झाले ३,४७,४०० रुपये.

घरातल्या सर्वांनी एवढ्यावर हिशेब बंद झाला असे धरले. मी तेव्हा अकाउंटन्सीचे पहिले पुस्तक चाळीत होते आणि त्यातले दुसरेच प्रकरण भांडवली खर्च व महसुली खर्च यांचे. भांडवली खर्च एकदा होतो व त्याचा लाभ अनेक वर्षे मिळतो. महसुली खर्च तो लाभ चालू ठेवण्यासाठी दरवर्षी करावा लागतो. यंत्र घेतले तर तेल आलेच.

मिसरोदकरांना हे समजावून सांगायला नको. त्यांच्या दारातून मिसरोद ते बैरागढ असा सुमारे २४ किलोमीटरचा बसचा स्वतंत्र मार्ग काढला होता. २०१३ साली तो सुरू झाला आणि २०२४ मध्ये कठडे उखडून काढून टाकण्यात आला. मी गेले तेव्हा त्याच्या खुणा काढण्याचे काम चालू होते. रस्ता बांधला म्हणून बससेवा आपोआप चालत नाही. काकांना मी हेच उदाहरण दिले, तेव्हा त्यांनी कारखान्यातून एक जाड रजिस्टर आणले (कोरे होते, आणि पैसे भरून आणले असे त्यांनी मला बजावून सांगितले) आणि जून २०२४ पासून काकूंच्या प्रकृतीपायी झालेला प्रत्येक खर्च तारीखवार टिपायला सुरुवात केली. स्टोअरकीपरची नोंद ती. रिक्षाचे वीस रुपयेही सुटले नाहीत.

पुढच्या मे महिन्यात मी त्या रोजकीर्दीची खतावणी केली. शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षात वरखर्च ४७,८०० रुपये झाला होता. सर्वात मोठी बाब प्रथिनांच्या भुकटीची. जठर एवढेसे उरल्यावर पहिले काही महिने पुरेशी डाळ, उसळ पोटात मावतच नाही. त्यानंतर जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम व बी-१२ ची इंजेक्शने. ही थोड्या दिवसांची नव्हेत, जन्मभराची आहेत. कारण जठराचा जो भाग काढला त्याच्याशी बी-१२ च्या पचनाचा संबंध असतो. मग तीन, सहा आणि बारा महिन्यांच्या तपासण्या. केस गळू लागले तेव्हा त्वचारोगतज्ज्ञ. कपडे सगळे नवे. ही बाब काकांनी 'प्रकृती' या सदरात घालावी की नाही यावर बराच वाद झाला, शेवटी घातली नाही.

भेटींची संख्या मी वेगळी मोजली. आधीच्या वर्षी काकू डॉक्टरांकडे सात वेळा गेल्या होत्या, शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षी १९ वेळा. शिवाय फेब्रुवारी २०२५ मध्ये पोटात कळा येऊन पुन्हा भरती व्हावे लागले. वजन झपाट्याने उतरले की पित्ताशयात खडे होतात, हा ज्ञात धोका आहे. पित्ताशय काढावे लागले. त्याचे बिल ७४,००० रुपये. ते विमा कंपनीने कॅशलेस मंजूर केले. हातमोजे वगैरे न मिळणाऱ्या वस्तूंचे ६,९०० रुपये तेवढे आम्ही भरले.

एवढे पाहून मला धक्काच बसला. शस्त्रक्रियेने प्रकृती सुधारते असे सर्व म्हणतात, मग दवाखान्याच्या खेपा वाढाव्यात कशा? आमच्याच घरी काही बिघडले की सर्वत्र असेच होते? शोध घेता कळले की या प्रश्नाचा मोठा अभ्यास स्वीडनमध्ये झालेला आहे. १९८७ साली तो सुरू झाला. वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झालेले २,०१० लोक आणि तशाच प्रकृतीचे पण शस्त्रक्रिया न झालेले २,०३७ लोक, यांच्यावर त्यांनी वीस वर्षांपर्यंत लक्ष ठेवले. तेथे औषधोपचाराचा बहुतेक खर्च सरकार करते, त्यामुळे प्रत्येक भरतीची नोंद सरकारी दप्तरात सापडते.

सेवांच्या वापराचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. वीस वर्षांत शस्त्रक्रिया झालेला माणूस सरासरी ५४ दिवस इस्पितळात राहिला, न झालेला ४० दिवस. अर्थात हा फरक मुख्यतः पहिल्या सहा वर्षांतला. सातव्या वर्षापासून दोन्ही गट सारखेच. औषधांचा खर्च मात्र सातव्या वर्षापासून शस्त्रक्रिया झालेल्यांचा कमी, वर्षाला ९३० डॉलर विरुद्ध १,१२३ डॉलर. हे खरे की त्यातील बहुतेक शस्त्रक्रिया आज मागे पडलेल्या जुन्या पद्धतींच्या होत्या. पण अमेरिकेत २९,८२० विमाधारकांच्या बिलांवरून २०१३ साली निघालेला निष्कर्षही त्याच वळणाचा आहे : औषधांचा व बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च उतरला, इस्पितळातील भरतीचा चढला, एकूण बेरीज कमी झाली नाही. याच्या उलट, दोन ते चार वर्षांत पैसे वसूल होतात असे सांगणारा एक अभ्यास २००८ साली अमेरिकेतच झाला. त्याला पैसा शस्त्रक्रियेची उपकरणे बनविणाऱ्या कंपनीने पुरविला होता. तेवढ्यावरून तो खोटा ठरत नाही, पण लेखापरीक्षक कोणाचा आहे हे पाहण्याची सवय आपल्याला लावली जाते ती उगाच नव्हे.

भांडवली खर्चाच्या दहापट गोष्टी त्याच्या मागेपुढे असतात, याचे आपल्याकडील सर्वात गाजलेले उदाहरण मुंबईचे आहे. इमान अहमद या इजिप्तच्या महिलेला फेब्रुवारी २०१७ मध्ये मालवाहू विमानाने सैफी इस्पितळात आणले. तिचे वजन सुमारे ५०० किलो सांगितले गेले होते. तिच्यासाठी वेगळी खोली बांधली, लोकांकडून निधी गोळा केला आणि उपचार मोफत केले. शस्त्रक्रिया ७ मार्चला झाली. ते काम एका दिवसाचे. मुंबईतला मुक्काम मात्र मेच्या सुरुवातीपर्यंत, जवळजवळ तीन महिने, आणि पुढची शुश्रूषा कोठे व किती काळ यावरून बहीण व डॉक्टर यांच्यात जाहीर वाद. मग अबू धाबी. तेथे २५ सप्टेंबर २०१७ रोजी तिचा मृत्यू झाला. इतक्या टोकाच्या उदाहरणावरून नियम काढू नये. मला त्यातून एवढेच दिसते की सर्वांची नजर ७ मार्चवर होती आणि भांडण झाले ते नंतरच्या दिवसांवरून.

आता काकूंच्या खात्याची बाकी काढू. मधुमेहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यानंतर बंद झाल्या, रक्तदाबाची एक उरली. पूर्वी महिन्याला औषधांना २,६५० रुपये लागत, आता ३८०. म्हणजे वर्षाची बचत २७,२४०. दुसऱ्या वर्षापासून प्रथिनांची भुकटी नको, पण जीवनसत्त्वे व तपासण्या मिळून १७,८०० रुपये लागतील असा अंदाज धरला. निव्वळ बचत ९,४४० रुपये. गुंतवणूक किती वर्षांत वसूल होते हे काढायची रीत सोपी आहे : ३,४७,४०० ला ९,४४० ने भागा. उत्तर येते ३६ वर्षे आणि वर नऊ-दहा महिने. म्हणजे काकूंच्या वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी! त्याहून वाईट म्हणजे ही रक्कम सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत राहिली असती तर वर्षाला २४,३१८ रुपये व्याज आले असते. बुडालेले व्याज वाचलेल्या पैशाहून अडीचपट मोठे. शुद्ध हिशेबाने हा व्यवहार कधीच फायद्यात येत नाही.

मी हे मोठ्या अभिमानाने वाचून दाखविले. एकोणीस वर्षांची होते, भागाकार अचूक होता. काकू शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "बाईचे तीन हजार कुठे लिहिलेस?"

लिहिले नव्हते. कामाची बाई ऑक्टोबरपासून बंद झाली होती. काकू घरचे सर्व स्वतः करीत होत्या. पण काकांचे रजिस्टर 'प्रकृती' या सदराचे, बाईचा पगार 'घरखर्च' या सदरात, म्हणून ती बचत दिसलीच नाही. वर्षाचे ३६,००० रुपये त्यात घातले की बचत ४५,४४० होते आणि ३६ वर्षांची साडेसात वर्षे होतात. मशीनवरची रद्दीही गेली होती. मार्चपासून काकू पुन्हा ब्लाउज शिवू लागल्या होत्या. ती मिळकत मी मुद्दाम या भागाकारात धरली नाही, कारण ती किती टिकते ते अजून पाहावयाचे होते. गुडघा बदलणे डॉक्टरांनी पुढे ढकलले होते. पण त्या बचतीची जमा विमा कंपनीच्या वहीत पडते, ज्या कंपनीने शस्त्रक्रियेला एक रुपया दिला नाही.

माझी चूक नेमकी कोठे झाली हे मला त्या दिवशी कळले. मी काकूंच्या घरी बसून विमा कंपनीचा जमाखर्च मांडीत होते. अमेरिकेतील तो अभ्यास विमा कंपन्यांच्या बिलांवर आहे, स्वीडनचा सरकारी दप्तरावर. दोघांच्याही वहीत जिना नाही आणि शिलाई मशीन नाही. शिवाय 'पैसे वाचतात काय' हा प्रश्न आपण या एका शस्त्रक्रियेलाच का विचारतो? पित्ताशय काढताना ७४,००० रुपये किती वर्षांत वसूल होतील असे कोणी विचारले नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेला विचारीत नाहीत. जाड माणसाने आपला उपचार आधी फायद्याचा ठरवून दाखवावा, अशी अपेक्षा त्यामागे असते, आणि खरे सांगायचे तर ती माझ्याही मनात होती.

स्वीडनच्याच अभ्यासातील दुसरा आकडा मी नंतर पाहिला. २००७ साली त्यांनी मृत्यूंची मोजदाद दिली : शस्त्रक्रिया न झालेल्या २,०३७ पैकी १२९, झालेल्या २,०१० पैकी १०१. २०२० मध्ये आयुर्मानाचा फरक तीन वर्षे निघाला. तरीही सर्वसाधारण लोकांपेक्षा हे लोक साडेपाच वर्षे कमीच जगले. शस्त्रक्रिया म्हणजे जादू नव्हे, हे याच आकड्यात आले. काकूंचेही वजन वर्षभरात ८६ वरून ६२ वर आले, म्हणजे बी.एम.आय. २६.८. भारतीय मापाने त्या अजून लठ्ठच.

हे सर्व चालू असताना मार्च २०२५ मध्ये वजन घटविणारे मौंजारो हे इंजेक्शन आपल्याकडे विक्रीस आले आणि काकूंच्या नागपूरच्या बहिणीचा फोन आला : तू उगाच पोट कापून घेतलेस काय? मी लगेच कागद घेतला. त्या वेळी ५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ४,३७५ रुपये होती व ते आठवड्याला एक घ्यावे लागते. ५२ आठवड्यांचे २,२७,५०० रुपये. दीड वर्षातच काकूंच्या सर्व बिलाची बरोबरी झाली असती. आणि इंजेक्शन थांबविले की उतरलेले वजन बऱ्याच प्रमाणात परत चढते. म्हणजे येथे भांडवली खर्च जवळजवळ नाही, सगळा महसुली. ज्याच्यापाशी साडेतीन लाख एकदम नाहीत पण दरमहा अठरा हजार आहेत, त्याला ते सोयीचे. असे घर मिसरोदच्या त्या कॉलनीत मला तरी दिसले नाही. किमती उतरल्या की हे गणित बदलेल, म्हणून मी ते पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. मात्र मावशींना उत्तर काकूंनीच दिले. त्या म्हणाल्या, मला सुई टोचून घ्यायची नव्हती, नऊ वर्षे बोटाला टोचून कंटाळले होते. हेही एक कारणच की.

जे काकूंनी गमावले तेही लिहिले पाहिजे. ताटात चार घास. गणपतीत त्यांनी एकवीस मोदक केले आणि स्वतः अर्धा खाल्ला. घाईने खाल्ला तर उलटी होते. लग्नाच्या पंगतीला त्या जायचे टाळतात, कारण वाढणारे आग्रह करतात आणि प्रत्येकाला काय सांगायचे. दंडाची व पोटाची कातडी सैल लोंबते. ती काढण्याची शस्त्रक्रिया विम्यात सौंदर्यवर्धक समजून वगळतात, अपवाद थोडे. काकूंनी ती चौकशीही केली नाही, लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले. स्वतःच शिवले.

सध्या दुसऱ्या वर्षाचे रजिस्टर चालू आहे. काका निवृत्तीच्या जवळ आले आहेत, त्यामुळे बी-१२ आणि तपासण्यांचे १७,८०० रुपये पेन्शनीतून बसवायचे कसे, हा त्या घरातला खरा प्रश्न आता आहे. नोंदी काकू स्वतः करतात आणि महिन्याच्या शेवटी पानाचा फोटो मला पाठवितात. वजन दोन किलोंनी वाढले आहे, तेही समासात लिहिलेले असते. शिलाईची जमा त्या न विसरता लिहितात. दोरा, बटणे आणि मशीनचे तेल मात्र दर वेळी राहून जाते, ते मला फोन करून विचारून घ्यावे लागते.